‘आधी जमीन, मग बाकीचं’ : हे ‘बाकीचं’ म्हणजे कोण?



वनहक्काच्या दाव्यांची कामं सुरू झाल्यापासून आपल्या बैठकांत एक वाक्य फार ऐकू येतं. एखादी बाई उठून विचारते, दाव्यावर माझं नाव का नाही? एखादा कातकरी गडी म्हणतो, आमच्या वाडीची तर अजून यादीच केली नाही. लगेच कुणीतरी जाणता कार्यकर्ता हात वर करून सांगतो, “आधी जमीन पदरात पडू दे, मग बाकीचं बघू.” सगळे माना डोलावतात. बाई खाली बसते. कातकरी दाराशी उभा होता, तो दाराशीच राहतो.

या लेखात त्या वाक्याशी भांडण आहे. माणसाशी नाही, वाक्याशी. कारण हे वाक्य दिसतं समजूतदार, पण आहे खोटं. ‘बाकीचं’ म्हणून आपण जे बाजूला सारतो, ते जमिनीच्या प्रश्नाच्या बाहेरचं नाहीच. जमीन कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे त्या ‘बाकीच्या’वरच ठरतं.

एक बाई, पाच कचेऱ्या

समजा एक बाई आहे. जातीनं कातकरी. नवरा वारलेला, पदरात दोन पोरं. वाडी ज्या जागेवर आहे ती जागा दुसऱ्याच्या सातबारावर. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचं, पाऊस तोंडावर आला की परत यायचं. भट्टीवाल्याकडून बयाणा नवऱ्यानं उचलला होता, फेडते आहे ती. जंगलातला एक तुकडा दोघांनी मिळून साफ केला, नाचणी-वरी पेरली. आता तिला दावा करायचा आहे. काय काय आडवं येतं ते बघा.

पहिलं, जातीचा दाखला. त्याला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो बापाच्या बाजूनं. माहेर दुसऱ्या तालुक्यात. शाळेत कधी गेली नाही, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नाही. रेशनकार्डावर नाव सासरचं. माहेरची कागदावर नाही आणि सासरच्या कागदानं जात सिद्ध होत नाही.

दुसरं, ग्रामसभा. २६ जानेवारीला ग्रामसभा होते, ती भट्टीवर. १ मे ला होते, तेव्हाही ती भट्टीवरच. जी दोनदा नव्हती तिचा दावा वाचायचा राहून जातो.

तिसरं, पुरावा. जंगल खात्याच्या दंडाच्या पावत्या आहेत, पण त्या नवऱ्याच्या नावानं. दीर म्हणतो, प्लॉट आमच्या घराण्याचा, तू उद्या दुसरं घर करशील.

चौथं, वनहक्क समिती. समितीत मोठ्या पाड्याची माणसं. त्यांच्यात कातकरी एक नाही. बाया कागदावर आहेत, पण सह्या घरी जाऊन घेतलेल्या.

आता सांगा, या बाईचा दावा कशामुळे अडला? कातकरी म्हणून? बाई म्हणून? विधवा म्हणून? भट्टीवरची मजूर म्हणून? यातलं एक कारण काढून टाकलं तरी अडचण निम्मी होईल असं वाटतं. तसं होत नाही. ती कातकरी आहे म्हणून तिच्या नावावर घराची जागाही नाही. जागा नाही म्हणून भट्टी. भट्टी म्हणून ग्रामसभा चुकते. बाई म्हणून पावती तिच्या नावाची नाही. विधवा म्हणून त्या पावतीवर दीर हक्क सांगतो. एक गाठ दुसरीला आवळते.

आणि सरकारच्या कचेऱ्या काय करतात? प्रकल्प कार्यालय म्हणतं, आदिवासी असल्याचा दाखला आण. महिला-बालकल्याण म्हणतं, बचत गट काढ. कामगार खातं म्हणतं, मालकाच्या हजेरीपटावर तुझं नाव दाखव. तहसील म्हणतं, सातबारा आण. जंगल खातं म्हणतं, तू अतिक्रमण करणारी. पाच टेबलं, आणि प्रत्येक टेबल तिचा एकेक तुकडा बघतं. अख्खी बाई कुणाच्याच फाईलीत बसत नाही.

सरकार असं करतं याचं नवल नाही. पण आपली संघटना जेव्हा म्हणते ‘आधी जमीन, मग बाकीचं’, तेव्हा आपणही सहावं टेबल मांडून बसतो.

ही साधी बेरीज नाही

काही शिकलेली पोरं म्हणतात, ठीक आहे, आदिवासी म्हणून एक तोटा, बाई म्हणून एक तोटा, दोन्हींची बेरीज करा. तेवढ्यानं भागत नाही. २०११ च्या जनगणनेतले साक्षरतेचे देशाचे आकडे घ्या. शंभरात साधारण ८१ पुरुष लिहितात-वाचतात. बायांमध्ये हा आकडा सुमारे ६५. म्हणजे बाई असण्याचा तोटा सोळाचा. आदिवासी पुरुषांमध्ये सुमारे ६८. म्हणजे आदिवासी असण्याचा तोटा साधारण बारा-तेराचा. आता साधी बेरीज केली तर आदिवासी बायांचा आकडा ५२ च्या आसपास यायला हवा होता. प्रत्यक्षात तो ४९ च्या थोडासा वर आहे.

बेरजेपेक्षाही खाली. हे का, ते आपल्याला माहीत आहे. आश्रमशाळा लांब, म्हणून मुलगी पाठवायची भीती. आई भट्टीवर, म्हणून धाकट्याला सांभाळायला मुलगी. पाणी लांब, म्हणून हंडा मुलीच्या डोक्यावर. यातली कुठलीही गोष्ट फक्त ‘आदिवासींचा प्रश्न’ नाही आणि फक्त ‘बायांचा प्रश्न’ नाही. दोन ओढे जिथं मिळतात तिथं पाण्याला जो जोर येतो, तो एकेका ओढ्यात नसतो.

हे खूळ बाहेरून आलेलं नाही

‘हे शहरातल्या बायांनी घातलेलं खूळ आहे’ असंही म्हटलं जातं. म्हणून थोडा इतिहास.

अमेरिकेत १९७६ साली एक निकाल लागला. जनरल मोटर्स या गाड्यांच्या कंपनीविरुद्ध पाच काळ्या बाया कोर्टात गेल्या होत्या. कंपनीनं १९६४ पर्यंत काळ्या बायांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढं मंदी आली आणि कपात झाली, तेव्हा नियम लावला की जे शेवटी आले ते आधी जातील. शेवटी कोण आल्या होत्या? काळ्या बाया. कोर्टानं काय बघितलं? कंपनी बायांना घेत होती, म्हणजे बाया म्हणून भेदभाव नाही. त्या बाया गोऱ्या होत्या. काळ्या माणसांना घेत होती, म्हणजे वंशाचा वेगळा प्रश्न. पण तिथं मुख्यतः पुरुष होते. आणि दोन्ही मिळून एक वेगळा गट धरायला कोर्ट तयार झालं नाही. काळी बाई मधल्या फटीतून खाली पडली. किंबर्ले क्रेनशॉ या काळ्या वकीलबाईंनी १९८९ साली हा निकाल घेऊन दाखवलं, की चौरस्त्यावर उभ्या माणसाला दोन्ही बाजूंनी ठोकर बसते, आणि पंचनामा करणारा मात्र एकाच रस्त्याचं नाव विचारतो.

पण हे शिकायला अमेरिकेला जायची गरज नाही. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे नावाची मांग समाजाची मुलगी, वय चौदा, तिनं १८५५ साली निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’मध्ये तो छापून आला. तिनं मांग-महारांचं दुःख सांगितलंच, पण तिथं थांबली नाही. बाळंत होणाऱ्या मांग-महार बायांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, तेही मांडलं. जात, गरिबी आणि बाईपण एकाच झोपडीत कसं राहतं, हे चौदा वर्षांच्या मुलीला कळलं होतं.

आणि आपल्याच मुलखातलं घ्या. उंबरगाव-डहाणूकडच्या वारली भागात १९४५ पर्यंत ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं, आणि त्यापायी वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. कर्ज कुणाच्या नावावर? गड्याच्या. राबायचं कुणी? नवऱ्यानं आणि बायकोनंही. आणि मालकाची नजर बायकोवर गेली तर नवऱ्याला तोंड उघडायची सोय नव्हती. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. तेव्हाच्या लढ्यात लाल बावट्याखाली वारली उठले ते वेठ बंद, लग्नगडी बंद म्हणून उठले. आधी पुरुषाची वेठ सोडवू, बायकोचं मागाहून बघू, असं म्हणायला जागाच नव्हती. कारण कर्जाची दोरी एकच होती आणि ती दोघांच्या गळ्यात होती.

कायद्याच्या फटीत पडलेली

लोक म्हणतात, आता मुलींना बापाच्या जमिनीत वाटा मिळतो, २००५ साली कायदा बदलला. खरं आहे. पण तो हिंदू वारसा कायदा. १९५६ च्या या कायद्यातच लिहिलं आहे, की केंद्र सरकारनं वेगळा हुकूम काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे गावातल्या पाटलाची मुलगी वाटा मागू शकते. आदिवासी मुलीला सांगतात, तुमच्यात रूढी चालते. आणि रूढी विचारायला जा, तर जमीन पोरांकडे जाते. आदिवासी म्हणून कायद्यातून बाहेर, बाई म्हणून रूढीतून बाहेर.

सिंगभूमकडच्या हो आदिवासी बायांच्या बाजूनं असाच प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता. १९९६ साली निकाल लागला. कोर्टानं रूढीचा कायदा रद्द केला नाही. एवढंच म्हटलं की घरातला पुरुष मेला तरी जी बाई त्या जमिनीवर जगते तिला तिथून हाकलता येणार नाही. जगण्यापुरती सावली मिळाली, मालकी नाही.

आता कुणी म्हणेल, मग काय, आम्ही हिंदू कायदा मागायचा? नाही. आपण आदिवासी आहोत, आपली रूढी आपली आहे. पण रूढी दगडावर कोरलेली नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ज्या ग्रामसभेला रूढी जपता येते, तिला ती सुधारताही येते. लग्नातला खर्च कमी करायचा ठराव आपण करतोच ना? मग मुलीचा आणि विधवेचा वाटा ठरवायला सरकारची वाट कशाला बघायची?

दुसरी गोष्ट देसाईगंजची. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. आई-बाप नसलेली, भावाबरोबर मजुरी करून जगणारी पोर. हायकोर्टानं पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. म्हणे अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची संमती असणार.

रात्री, ठाण्यात, खाकीपुढं एका अनाथ आदिवासी मजूर पोरीनं ओरडायचं! आपल्या गावात जंगल खात्याचा गार्ड नुसता बांधावर उभा राहिला तर मोठ्या गड्यांचा आवाज बसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कोर्टाला ते दिसलं नाही, कारण कोर्टानं एक ‘स्त्री’ बघितली. तिचं आदिवासी असणं, गरीब असणं, पोरकं असणं वेगळं काढून ठेवलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी कोर्टाला उघडं पत्र लिहून नेमका हाच जाब विचारला. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला.

आज शहरात त्या लढ्याचा इतिहास सांगताना ती मुलगी आदिवासी मजूर होती हे पुष्कळदा घाईत सांगून पुढं जातात. आणि आपल्याकडे जमिनीच्या लढ्याचा इतिहास सांगताना तिचं नावच निघत नाही, कारण तो ‘बायांचा प्रश्न’. म्हणजे दोन चळवळींच्या मध्येही ती फटीतच राहिली.

‘फूट पडेल’ म्हणणाऱ्यांना

आता आक्षेपांकडे येऊ. ते खोडल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

“असे प्रश्न काढले तर एकजुटीत फूट पडेल.” फूट आधीच आहे, दादा. तुम्ही फक्त तिच्यावर घोंगडी टाकली आहे. मोठ्या पाड्याच्या विहिरीवर कातकऱ्याला अजून थांबावं लागतं, ती फूट नाही? समितीत सह्यांपुरत्या बाया, ती फूट नाही? आणि घोंगडीखाली काय आहे हे जंगल खात्याला बरोबर माहीत असतं. त्यांचा माणस पहिला कुणाकडे जातो? ज्याचं नाव यादीत नाही त्याच्याकडे. “तुझं कुठं आहे यात? तू कशाला मोर्च्याला जातोस?” फूट पाडायला त्याला फार कष्ट पडत नाहीत. चीर आपणच ठेवलेली असते.

१९७२-७३ च्या सुमारास शहाद्याला भिल बाया दारूचे हंडे फोडत गावोगाव फिरल्या. तेव्हाही म्हणणारे होते, की हे नवरा-बायकोचं भांडण, संघटनेत आणू नका. पण दारूत बुडत होती ती गड्याची मजुरी, मार खात होती ती त्याची बायको, आणि गडी झिंगला की मालकाला हवं तेच. मजुरीच्या आणि जमिनीच्या लढ्यात त्याच बाया पुढं होत्या. त्यानं श्रमिक संघटना मोडली नाही, तिला जोर आला.

मेंढा-लेखाचं बघा. गडचिरोलीतलं लहानसं गोंड गाव. तिथं ग्रामसभेत बाया-गडी बसून सर्वांच्या संमतीनं निर्णय होतात. एकाचंही अडलं तर विषय पुन्हा बोलायचा. वेळ लागतो. पण २००९ साली अठराशे हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. सगळ्यांचं ऐकत बसणारं गाव मागं पडलं नाही, सगळ्यांच्या पुढं गेलं.

“मुलीला जमीन दिली तर ती परक्याच्या घरात जाईल.” हा आक्षेप फार जोरात येतो. मग जरा हिशेब करा. आजवर आदिवासींच्या जमिनी गेल्या, म्हणून तर १९७४ साली त्या परत करायचा कायदा करावा लागला. त्या जमिनी कुणी घालवल्या? सावकाराच्या वहीवर अंगठे कुणाचे होते? बायांच्या नावावर जमीनच नव्हती, तर अंगठा तरी कुठून येणार? अंगठे आपल्याच आज्या-पणज्यांच्या नवऱ्यांचे. कुणी भुकेपोटी दिला, कुणी दारूपोटी, कुणी लग्नापोटी. त्यांना दोष द्यायचा नाही, पण जमीन बाईमुळं जाते ही गोष्ट आता बंद करा. शिवाय वनहक्काची जमीन विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, फक्त वारसानं जाते. मग भीती कसली?

आणि विधवेच्या जमिनीवर डोळा ठेवून तिला डाकीण-भुताळी ठरवायचं, गावाबाहेर काढायचं, हेही आपल्याच भागात होतं. भगताच्या तोंडून देव बोलतो म्हणे. पण तो देव प्लॉट नसलेल्या बाईला सहसा डाकीण का म्हणत नाही, हा प्रश्न विचारून बघा.

“आदिवासी सगळे एकच.” हे घोषणेत बरोबर आहे. यादीत बरोबर नाही. आपल्यातही आता नोकरदार आहेत, ट्रॅक्टरवाले आहेत, ठेकेदाराचे मुकादम आहेत. चार हेक्टरपर्यंतचा दावा ज्याला करता येतो तो, आणि ज्याच्याकडे कसायला तुकडाच नव्हता तो, हे दोघं एकाच ओळीत उभे नाहीत. पिढ्यान् पिढ्या काताचं काम, कोळसा पाडणं, शिकार, मासे यांवर जगलेल्या कातकऱ्याला ‘१३ डिसेंबर २००५ च्या आधी कसत होतास का?’ हा एकच प्रश्न विचारला, तर त्याच्या हाती शून्य येतं. त्याचा हक्क नांगराच्या फाळावर मोजता येत नाही. त्याच्यासाठी सामूहिक दावा आहे, आदिम जमातींच्या वसतिस्थानाचा हक्क आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती आदिम धरल्या आहेत. पण हे दावे कोण लिहितो? आपण सगळे वैयक्तिक प्लॉटच्या मागं.

आणि आपल्या गावात राहणारं बौद्ध, धनगर किंवा दुसरं गरीब घर? तेही जंगलावरच जगतं. त्याला कायदा ७५ वर्षांचा, तीन पिढ्यांचा पुरावा मागतो. म्हणजे १९३० सालापासूनचा. ज्याच्या आजाला गावात सन्मानानं बसू दिलं नाही, त्यानं आजाचा कागद कुठून आणायचा? अशा वेळी गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब हा पुरावा चालतो. तो जबाब आपल्या आदिवासी आजा-आजीनंच द्यायचा आहे. ‘तो आपला नाही’ म्हणून तोंड फिरवलं, तर जंगल खात्याचं काम आपणच केलं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एकच माणूस एका ठिकाणी दबलेला आणि दुसऱ्या ठिकाणी दाबणारा असू शकतो. गार्डपुढं हात जोडणारा गडी घरी हात उगारतो. सावकारानं नाडलेला पाडा कातकऱ्याला पाणी द्यायला कुरकुरतो. म्हणून ‘आम्ही शोषित’ एवढं म्हणून कुणाची सुटका नाही. माझ्या खांद्यावर कुणाचा पाय आहे हे बघताना, माझा पाय कुणाच्या खांद्यावर आहे हेही बघावं लागेल.

कायद्यातच लिहिलं आहे, वाचा

आणखी एक मजा सांगतो. ज्याला आपण ‘बाकीचं’ म्हणतो, ते वनहक्क कायद्यात आणि नियमांत आधीपासून लिहिलेलं आहे. लढून मिळवलेल्या कायद्यात सरकारला ते लिहावं लागलं, आणि आपण ते बाकीचं म्हणून सोडून देतो!

लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं, एकटी असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया हव्यात. दाव्याचा ठराव करताना दावेदारांपैकी निदान निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर हवेत. आणि आदिम जमातींचे, भटक्यांचे, गुरं राखणाऱ्यांचे दावे तपासायचे ते ती माणसं हजर असतील अशा वेळीच. हे नियमात आहे.

म्हणजे ज्या ग्रामसभेत बाया नव्हत्या आणि भट्टीवरची माणसं भट्टीवरच होती, त्या ग्रामसभेचा ठराव कच्चा. उद्या उपविभागीय समितीला दावा फेटाळायला निमित्त हवं असेल, तर ते आपणच हातात दिलं. ‘आधी जमीन’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं: बाकीचं सोडलं, तर जमीनही जाते.

करायचं काय

भाषण पुरे. संघटनेच्या पुढच्या बैठकीत या गोष्टींवर ठराव व्हावा, अशी मागणी आहे.

१. दाव्यांची यादी वरून नाही, खालून सुरू करायची. पहिल्या दिवशी विधवा, टाकलेल्या, एकट्या बाया आणि कातकरी वाड्या. त्यानंतर भूमिहीन आणि गावातली बिगर-आदिवासी गरीब घरं. ज्यांचे कागद तयार आहेत ते शेवटी. त्यांना चार दिवस थांबून काही बिघडत नाही.

२. दाव्यांची ग्रामसभा पावसाळ्यात, माणसं भट्टीवरून परतल्यावर. ते जमत नसेल तर कार्यकर्त्यांनी भट्टीवर जाऊन जबाब घ्यायचे.

३. प्रत्येक दाव्यावर बाईचं नाव. केलेल्या दाव्यांत नाव सुटलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज. ‘मागून घालू’ चालणार नाही.

४. समितीच्या कागदांवर बायांच्या सह्या-अंगठे बैठकीतच घ्यायचे. घरी जाऊन सही आणणाऱ्याला समितीतून काढायचं.

५. म्हाताऱ्या माणसांचे जबाब घेताना म्हाताऱ्या बायांचेही घ्यायचे. कुठला झरा उन्हाळ्यात टिकतो, कडूकंद कुठं, मोहाची झाडं कुणी राखली, हे त्यांना जास्त माहीत. सामूहिक दाव्याचा नकाशा त्यांना घेऊन काढायचा.

६. मुलगी आणि विधवेच्या वाट्याबद्दल प्रत्येक पाड्यानं आपली रूढी बोलून, लिहून, सुधारून ठेवायची. विधवेला डाकीण ठरवणाऱ्याच्या बाजूनं संघटनेचा एकही माणूस उभा राहणार नाही.

या सहा गोष्टींना पैसा लागत नाही, मंत्र्याची सही लागत नाही. आपण ठरवलं तर या पावसाळ्यातच होतील. सरकारकडे आपण हक्क मागतो तेव्हा म्हणतो, आम्हाला तुकड्या-तुकड्यानं बघू नका, आम्ही माणसं आहोत. हेच वाक्य आपल्याच बैठकीत कातकरी विधवा आपल्याला म्हणते आहे. तिचा दावा ज्या दिवशी टिकेल, त्या दिवशी कुणाचाच दावा पडणार नाही. कारण तिच्याइतका कच्चा कागद आपल्यात दुसऱ्या कुणाचा नाही.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “आधी जमीन, मग बाकीचं,” तर खाली बसू नका. उभं राहून विचारा: जमीन कुणाची? नाव कुणाचं? आणि बाकी कोण?

सातबारावर दोघांचं नाव, ग्रामसभेत सगळं गाव!
जिंदाबाद!